ताटातलं नाव

सुमतीबाई कादंबरीचं प्रकरण संपलं की पुस्तक पालथं घालत आणि विचारत, "ह्यात तू कुठे आहेस गो?" उत्तर दिल्याशिवाय पुढचं पान उलटायचं नाही. शाळेतून निवृत्त झाल्यावर मिरकरवाड्याच्या वाटेवरच्या घरी त्या बायकांचं वाचनमंडळ चालवत. त्यात मी सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत मोठ्याने बोलणारी.

एकदा आम्ही एक स्त्रीवादी कादंबरी घेतली. तिच्यातल्या राज्यात लग्न होताच बाईचं नाव काढून घेतात. नवं नाव देण्याचं काम म्हाताऱ्या बायकांकडे. मोर्चांची पत्रकं वाचत वाढलेली मी ठणकावून म्हणाले, "हा सत्तेचा कट आहे!"

"सत्तेचा चेहरा सांग. कसा दिसतो?"

मी पुस्तकाची पानं मागे-पुढे उलटून शोधू लागले.

"माझ्यासारखा," बाई म्हणाल्या. "त्या म्हाताऱ्यांत मी आहे."

पुढच्याच महिन्यात त्यांच्या मुलाचं, अनिकेतचं लग्न होतं. सुनेचं नाव रेश्मा. ते बदलून 'आसावरी' ठेवायचं, हे बाईंनी परस्पर ठरवून सगळ्या गोतावळ्यात सांगूनही टाकलं होतं.

"मग तिला फोन करून विचारा ना!" मी म्हटलं.

"विचारून काय? 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणेल. सासू विचारतेय ना!"

लग्नात तांदूळ पसरलेलं ताट आलं. त्यावर अंगठीने बायकोचं नवं नाव लिहायला अनिकेत पुढे झाला. बाईंनी त्याच्या हातून अंगठी घेतली आणि रेश्माला दिली. "तुझं नाव तूच लिही. हवं ते."

"वहिनी, पुस्तकं वाचून डोकं फिरलंय तुझं!" बाईंची नणंद कडाडली.

"फिरलं खरं, वन्सं. उशिराच फिरलं."

रेश्माने आईकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं आणि घाईघाईने लिहिलं: आसावरी.

मंडपात टाळ्या पडल्या. बाईंचा चेहरा मात्र उतरला. त्यांनी तळहाताने तांदूळ पुन्हा सपाट केले. "हे माझं झालं. आता तुझं लिही."

मग हळूहळू अक्षरं उमटली: रेश्मा.

"बाई, क्रांती केलीत!" मी नंतर म्हटलं.

"कसली क्रांती? हातात अंगठी दिली, तरी पोरीने मला हवं तेच लिहिलं. इतकी घाबरते गो मला."

बाई दोन वर्षांनी गेल्या. त्याआधी मी भेटायला गेले, तेव्हा औषधावरून सासू-सुनेची चांगलीच जुंपली होती. "गोळी घेतल्याशिवाय चहा मिळणार नाही!" असं ओरडून रेश्मा तरातरा आत गेली.

बाईंनी माझा हात दाबला. डोळे लकाकत होते. "ऐकलंस?" त्या कुजबुजल्या. "आता नाही घाबरत."