जिंकलेला निकाल घेऊन पिंपळवंडीला

खरं तर फोनवर कळवूनही भागलं असतं. पण एलेना म्हणाली, "हे समोर बसून सांगायचं असतं." ती मानवाधिकारांचे खटले लढवणारी आंतरराष्ट्रीय वकील, मी तिची मराठी दुभाषी. शनिवारी सकाळी सहाच्या नाशिक एसटीने आम्ही पुणं सोडलं.

तुम्ही जाणार असाल तर हीच वेळ धरा. उशीर केलात तर चाकणलाच तास मोडतो. मंचरला मिसळ झाली. एलेनाने दोन घास खाल्ले आणि पुन्हा फाईल उघडली. नारायणगावानंतर द्राक्षबागा, टोमॅटोचे मांडव, सगळं हिरवंगार. तिने मान वर केली नाही.

पिंपळवंडीच्या संतोषची ती फाईल. आखातात क्रेन चालवायला गेलेला. कंपनीने काढून घेतलेले पासपोर्ट कामगारांनी परत मागितले, तेव्हा तो पुढे होता. पोलिसांनी उचललं, वाचता न येणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही घेतली. तीन वर्षं तुरुंगात आहे, खटला नाही. एलेनाने एका आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ मंडळापुढे त्याची बाजू मांडली आणि निकाल आमच्या बाजूने लागला: अटक बेकायदा, माणूस सोडा.

संतोषची बायको सुनीता दारातच उभी होती. त्याची आई मेंढरांना पाला टाकून आली. "बसा पावणं. आधी पानी घ्या."

एलेना बराच वेळ बोलली. शेवटी म्हणाली, हा निकाल पाळायची सक्ती त्या देशावर करता येत नाही. मागे लागत राहणं एवढंच आपल्या हातात आहे.

मी मराठीत सांगितलं, "थोडा वेळ लागेल."

सुनीता माझ्याकडे बघत राहिली. "ताई, त्या येवढं बोलल्या. तुमी येवढुसंच सांगितलं."

मग मी सगळं सांगितलं. आई म्हणाली, "म्हंजे आपुन जिकलो का न्हाई?"

"जिंकलो."

"मग त्येला आत कोन ठेवतंय?"

मी प्रश्न इंग्रजीत केला. एलेना हळू म्हणाली, "ज्यांच्याविरुद्ध आपण जिंकलो, तेच."

आम्ही नको म्हणत असतानाही त्यांनी भाकरी वाढली. ती गिळताना मला लाज वाटली. परतताना रिक्षावाला म्हणाला, "ओझर लई जवळ हाय, विघ्नहराचं दर्शन घेऊनच जावा." एरवी मी गेले असते. त्या दिवशी हात जोडावेसे वाटले नाहीत.

पंधरा दिवसांनी मला सुनीताचा फोन आला. संतोषला तुरुंगातून तिच्याशी दोन मिनिटं बोलू दिलं होतं. "मी त्येंना सांगितलं, तुमची चूक नव्हती, मोठ्या लोकांनी तसं लिवून दिलंय."

"काय म्हणाले?"

"म्हनले, ते मला म्हाईतच हाय. सोडत्यात कवा, ते सांग."

एलेनाला कळवलं. तासाभरात तिने नव्या अर्जाचा मसुदा धाडला. घरच्यांना समजावा म्हणून मराठीत हवा आहे. पहिलं वाक्य आहे, 'आम्हाला पूर्ण विश्वास आहे.' दोन दिवस झाले, त्यापुढे मी सरकलेले नाही.