कॉम्प्युटरची दृष्ट

अक्षर वाकडं आहे आणि शुद्धलेखन चौथीत सुटलं ते सुटलंच, त्याबद्दल माफी. (कुणाची मागते आहे कोण जाणे. ही वही पिठाच्या डब्यामागे असते.) तर, मी मुलीच्या कॉम्प्युटरची दृष्ट काढली आणि तो गेला.

पूजा माझी एकुलती एक. गेम बनवायला शिकली. पुण्याच्या एका कंपनीने नोकरी देण्याआधी तिच्याकडे नमुना मागितला होता. तिच्या गेममध्ये काळं पाणी, त्यात बुडालेलं गाव, आणि गावाखाली गावाहून मोठं काहीतरी निजलेलं. त्याचा एक डोळा अख्ख्या पडद्याएवढा! त्याच्याकडे बघत राहिलं की खेळणाऱ्याचं डोकं फिरत जातं. किती शाबूत उरलं ते दाखवायला कोपऱ्यात एक पट्टी होती. पूजा तीन महिने त्याच्याकडेच बघत होती. जेवण सुटलं, गाल बसले. पट्टी तिचीच कमी होते आहे, असं मला वाटे.

"हे आपल्याला काय करतं गं?" मी एकदा विचारलं.

"काय करत न्हाय, आई. आपण हाय हेच त्याला म्हाईत न्हाय. भीती त्याचीच."

त्यात भ्यायचं काय, मला कळेना. सासरी मी वीस वर्षं तशीच काढली.

पण शेजारच्या गंगव्वाने, ती अक्कलकोटकडची, तो डोळा खिडकीतून बघितला आणि म्हणाली, "लेकराला धरलंय की ह्यानं. दृष्ट काढ."

नमुना संध्याकाळी पाठवायचा होता. दुपारी पूजा झेरॉक्स काढायला गेली. कशाला हात लावू नको म्हणाली. हात मी लावला नाहीच. भाकरीच्या चुलीतला विस्तव पळीत घेतला, मीठ, मोहरी, मिरच्या डोळ्यावरून सात वेळा उतरवल्या आणि कॉम्प्युटरच्या डब्याजवळच विस्तवात टाकल्या. ठसका नाही! मिरची जळूनही ठसका येत नाही म्हणजे दृष्ट जबर. आणखी चार टाकल्या. तरी नाही. (आतला पंखा सगळा धूर ओढून घेत होता, हे मागाहून कळलं.)

"लई मोठं हाय हे," गंगव्वा पुटपुटली.

मग उरलेली मोहरी आणि मूठभर अंगारा मी जाळीतून आतच फुंकला. तडतड झाली आणि डोळा मिटला. आम्ही दोघींनी हात जोडले. मी शिरा केला!

पूजा आली. तिने पडदा बघितला, शिरा बघितला. ओरडली असती तर बरं झालं असतं. खाली बसून एवढंच म्हणाली, "आई, त्यातच होतं सगळं."

दुरुस्तीवाल्याने डबा उघडून विचारलं म्हणे, फोडणी कुणी घातली? तिसऱ्या दिवशी डब्यातून गेम शाबूत निघाला. तोवर कंपनीने दुसरीला घेतलं होतं. पूजा आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. पुढे तिला दुसऱ्या एका गेमचं लहानसं काम मिळालं. त्यात डोळा नाही, फळं फोडायची असतात.

दुरुस्तीचे पैसे मीच देणार म्हटलं. कडक भाकऱ्या विकून दर महिन्याला दुकानात जायचे, खाली मान घालून पूजाच्या पावतीवर नोटा ठेवायचे आणि पळायचे. गेल्या सोमवारी शेवटच्या ठेवल्या. दुरुस्तीवाल्याने मोजल्या, वहीत पूजाच्या नावावर रेघ मारली आणि पहिल्यांदाच मान वर केली.

"फिटले सगळे. पण मावशी, तुमी कोण?"

"कुणी न्हाय," म्हणाले आणि घरी आले. पैसे मात्र पुरते फिटले.