रुमालाखालचा हात

ताडकळसच्या बाजारात, चारचौघांदेखत, मी माझ्या बायकोचा हात रुमालाखालून ओढून काढला. हे मी कित्येक वर्षं कुणाला सांगितलं नाही. ज्यांनी पाहिलं त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही आणि तेव्हा मलाही वाटलं नव्हतं.

आमच्याकडे शेळ्यामेंढ्यांचा सौदा तोंडाने होत नसे. व्यापारी जनावराच्या पाठीवरून हात फिरवायचा, दात बघायचा आणि मग खांद्यावरचा रुमाल पुढे करायचा. विकणाऱ्याने त्याखाली आपला हात द्यायचा. किती बोटं धरली, कुठलं पेर दाबलं, त्यावर भाव ठरायचा आणि तो त्या दोघांनाच कळायचा. बाकीचे नुसते चेहरे बघत राहायचे. परक्या पुरुषाच्या हातात हात द्यावा लागतो म्हणून बायका तिथे नसायच्याच. घरी शेळ्या बाईने राखायच्या, त्यांची बाळंतपणं करायची आणि विकायला पुरुषाने जायचं.

मला ते बोटांचं काम कधी नीट जमलं नाही. हात रुमालात गेला की मी घाबरायचो आणि समोरचा म्हणेल त्याला मान डोलवायचो. बायकोचं तसं नव्हतं. ती जिंतूरकडची, मेंढपाळाची लेक. भाऊ नव्हता, म्हणून बापाने हौसेने तिला सगळं शिकवलेलं. लग्नानंतर सुरुवातीला ती मला शिकवायची. कामं आटोपली की चुलीपुढे बसून माझा हात पदराखाली घ्यायची, बोटं दाबायची आणि विचारायची, "सांगा, किती झाले?"

मी चुकलो की हसायची. "अवो, बोकड फुकटच दिला की तुमी. वर दावं बी देऊन टाका."

तेव्हा ती लय बोलायची. खेड्याखेड्यातून करडं घेऊ, वाढवू, मानवतलाही बाजार करू, पुढं टेम्पो घेऊ. मी हूं हूं करायचो. ऐकायला बरं वाटायचं.

त्या दिवशी ती बाजाराला आली ती बोकड मला एकट्याला आवरत नव्हते म्हणून. एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याने रुमाल पुढे केला. त्याने बोटं धरली आणि माझ्या तोंडाकडे बघून तिने ओळखलं की मी आता हो म्हणणार. "थांबा," ती म्हणाली. पदर खोचून खाली बसली, माझा हात बाजूला केला आणि आपला हात रुमालाखाली घातला.

बाजूला उभा असलेला एकजण म्हणाला, "आता मालकानं घरी भाकऱ्या थापायच्या वाटतं."

"चाचा, हात धरला तर सोडू नका बरं का," दुसरा म्हणाला. लोक हसले.

मला खरं सांगायचं आहे ते पुढचं. म्हातारा हसला नव्हता. त्याने हात मागेही घेतला नव्हता. "बोल बेटी," एवढंच म्हणून त्याने रुमाल नीट केला. तिने काहीतरी दाबलं असणार, कारण त्याची भुवई वर गेली. सौदा सुरू झाला होता. मीच तिचं मनगट धरलं आणि हात ओढून बाहेर काढला.

"ऊठ," मी म्हणालो. "लाज सोडली का?"

म्हाताऱ्याने पहिल्यांदा सांगितलेल्या भावातच मी बोकड देऊन टाकले. परतताना मोटारसायकलवर ती मागे बसली होती. मोकळी दावी मांडीवर गुंडाळत राहिली.

पुढे मी स्वतःला समजावत राहिलो की बाजारच तसा आहे, तिथे मी एकटा काय करणार. त्यात खोटं फार नव्हतं. शेत थोडं, त्यातही पाण्याचा भरवसा नाही, आई अंथरुणाला खिळलेली, पोरं लहान. तिला घराबाहेर पडू द्यायला कुणाला सवड होती? पण त्या दिवशी एक माणूस रुमाल धरून तिच्यासमोर बसला होता, हे मी त्यात कधी धरलं नाही.

ती भांडली नाही, रुसलीही नाही. शेळ्यांचं सगळं करत राहिली. फक्त "कितीला गेला?" हे विचारणं तिने सोडलं आणि माझा हात पुन्हा कधी पदराखाली घेतला नाही. अजूनही चूल पेटली की वाटतं, आता ही हात पुढे करील. ती समोरच बसलेली असते आणि मला तिचीच आठवण येत राहते.

आता बाजारात काटे आले आहेत, वजनावर भाव होतो. रुमाल जुन्या लोकांपुरता उरला. दिवाळीनंतर गल्लीतल्या बचत गटाच्या बायका आमच्या दारात आल्या. गट शेळ्या घेणार होता. जनावर निवडायला आणि बाजारात बोलणी करायला त्यांना माणूस पाहिजे होतं.

"मावशी, तुमीच चला," त्यातली पुढारी बाई म्हणाली. "तुमच्यावाणी शेळी आमच्यात कुणाला कळती?"

बायको तूर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला न्हाई जमायचं बाई. बायामाणसांचं काम न्हाई ते. आमच्या मालकाला घेऊन जा."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला हलकं वाटलं असतं. तिला ते आता खरंच वाटत होतं.

बायका माझ्याकडे वळल्या. "काका, येता का मग?"

"मी न्हाई येत. मला तवाही जमत नव्हतं," मी म्हणालो. मग तिच्याकडे वळलो. बायकांना जाऊ द्यावं, नंतर बोलावं, असं मनात आलं होतं. पण तिला उठवलं होतं ते सगळ्यांदेखत.

"त्या दिवशी चाचा सौदा करायला तयार व्हता," मी थांबत थांबत म्हणालो. "मीच तुझा हात ओढला. लोक हसले म्हणून न्हाई. तू माझ्यापेक्षा चांगला भाव आणशील, याचं मला भेव वाटलं. माझं चुकलं. मला माफ कर."