अक्कासाठी जहाजातली खोली

पितांबर नाना भुसावळला रिझर्व्हेशनच्या खिडकीवर सव्वीस वर्षं बसले. रिटायर झाल्यावर जळगावला घर बांधून राहायला आले, तरी लोक बर्थ विचारायला घरापर्यंत यायचे.

"नाना, आई आहे सोबत. गुडघे धरलेत. काय मागू?"

"तेहेतीस नाहीतर छत्तीस माग," नाना सुपारी कातरता कातरता सांगायचे. "खालची जागा, डब्याच्या मधोमध. बुडाखाली चाकं नाहीत, संडास दोन्हीकडून लांब. म्हातारी कुशीवरून कुशीवर व्हायची नाही."

आणि खरंच तसं व्हायचं. नानांनी सांगितलेली जागा वाईट निघाली, असं कोणी म्हटल्याचं त्यांच्या बायकोला, कुंदाबाईला तरी आठवत नव्हतं.

सत्त्याऐंशी सालच्या दिवाळीनंतर मगनचं पत्र आलं. मगन म्हणजे नानांच्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा, म्हणजे धुळ्याच्या इंदिराबाईंचा एकुलता एक मुलगा. टेलिफोन खात्यात होता आणि बदलीवर थेट अंदमानला, पोर्ट ब्लेअरला गेला होता. पत्रात लिहिलं होतं, 'मामा, तिला पुन्हा दिवस गेलेत. मागच्या खेपेला पाचव्या महिन्यात सगळं संपलं, तुम्हाला माहीत आहेच. या वेळी डॉक्टरांनी अंथरुणातून उठायचं नाही असं सांगितलंय. मी ड्युटीवर गेलो की घरात पाणी द्यायला माणूस नाही. आईला पाठवा. विमान मला झेपणार नाही. मद्रासहून जहाज सुटतं, तीन दिवस लागतात. जागेचं तेवढं तुम्ही बघा.'

"बघतो की," नाना म्हणाले. "त्यात काय!"

त्यांनी जहाज कंपनीच्या मद्रासच्या ऑफिसला पत्र टाकलं. वीसेक दिवसांनी जाडजूड पाकीट आलं. त्यात एक फॉर्म आणि घडी घातलेला जहाजाचा नकाशा होता. नानांनी जेवायच्या खोलीत सतरंजीवर नकाशा पसरला, चष्मा पुसला, आणि तिथून पुढे त्यांना काही कळेनासं झालं.

एकावर एक चार मजले. प्रत्येक मजल्यावर काडेपेट्या मांडाव्यात तशा खोल्या. एका बाजूला विषम आकडे, दुसऱ्या बाजूला सम. कुठे दोन माणसांची खोली, कुठे चार माणसांची. काही खोल्यांना गोल खिडकी, काहींना नाहीच. सगळ्यात खाली इंजिनाच्या पुढे एक मोठा चौकोन होता. त्यावर 'बंक' एवढंच लिहिलं होतं. नानांनी पेन्सिलने त्यावर आधी फुली मारली. मग ते चाकं शोधायला लागले.

"जहाजाला चाकं कुठली?" कुंदाबाई म्हणाल्या.

"ते मला कळतं. पण धक्का कुठेतरी बसतच असेल ना? तो कुठे बसतो ते विचारतोय मी."

"मला विचारताय?"

नानांनी नकाशा उलटा केला, पुन्हा सुलटा केला. थोड्या वेळाने म्हणाले, "हे टोक पुढे, असं धर. अक्काचं तोंड पुढे येईल अशी जागा घेतली. पण परत येताना टोक मागे जाईल. मग तिचं तोंडही उलटं होणार."

"का जाईल मागे?"

"शेवटच्या स्टेशनला गाडी तशीच उलट निघते ना."

कुंदाबाईंच्या हातातलं लाटणं थांबलं. "अहो, तापीतली होडीसुद्धा वळते. एवढं जहाज काय शेपटीकडून येईल?"

नाना स्वतःशीच ओशाळले. पण त्या दिवसापासून त्यांचा स्वतःवरचा भरवसा थोडा हलला. कापडवाले कांतीलालशेठ एकदा बोटीने गोव्याला गेले होते, म्हणून नाना त्यांच्या दुकानात गेले.

"वरचं घ्या, नाना," शेठ म्हणाले. "खाली तेलाचा असा वास, की पोटातलं बाहेर."

तीन दिवसांनी नाना पुन्हा गेले, तेव्हा शेठ म्हणाले, "वरचं? छे! वर एवढे झोके बसतात. आमच्या घरच्यांनी गोवा येईपर्यंत डोळे उघडले नाहीत."

"परवा तुम्हीच वर म्हणालात."

"परवा मला वास आठवला होता."

शेवटी नानांनी मधल्या मजल्यावरची, मधोमधची, जिन्याजवळची दोन माणसांची खोली पक्की केली. गोल खिडकी, संडास चार पावलांवर. फॉर्म भरून झाला. फक्त अक्काची सही राहिली होती. नकाशा, फॉर्म आणि मुक्ताईनगरहून आणलेला अंगारा पिशवीत घालून नाना सकाळच्या एसटीने धुळ्याला निघाले.

इंदिराबाई चौथ्या गल्लीत दोन खोल्यांत राहायच्या. त्या दिवशी एकादशी होती. त्यांनी नानांपुढे साबुदाण्याची खिचडी ठेवली, अंगारा कपाळाला लावला आणि भिंतीला टेकून बसल्या. समोरच्या मंदाबाईसुद्धा शेंगा सोलायला सूप घेऊन आल्या.

नाना रंगात आले. "अक्का, फर्स्ट क्लासचा कूपे असतो ना, अगदी तशी खोली. फक्त दोघी बायकांची. दुसरी कोणी आली नाही तर तू एकटीच राणी. आत गेलं, दार ओढलं, आतून कडी लावली, की कोणाचा त्रास नाही."

अक्कांनी फॉर्म हातात घेतला. बराच वेळ बघितला. मग घडी घालून परत दिला.

"मी नही जास," त्या म्हणाल्या.

"का गं?"

"नही जास म्हंजे नही जास. मगनले लिही. तठे कोनी बाई लाव म्हनावं."

नानांना वाटलं, समुद्राला घाबरली. त्यांनी खोली मधोमध आहे, झोके लागणार नाहीत, हे सगळं पुन्हा सांगितलं. मग वाटलं, खिडकीतून पाणी बघायला भीती वाटत असेल. म्हणाले, "बिनखिडकीची घेऊ." मग म्हणाले, "चौघींची घेऊ, वरच्या मजल्यावर घेऊ." अक्का उठून आत गेल्या आणि देवासमोरची समई विनाकारण पुसत बसल्या.

नाना चिडले. "तुझ्या सुनेचं काय? यंदाही तसंच काही झालं तर?"

मंदाबाई हळू आवाजात म्हणाल्या, "नाना, तुम्ही दाराचं बोललात ना."

"दाराचं काय?"

"अहो, मगनचे वडील गेले तेव्हा आतून कडी होती ना. सकाळी दार फोडावं लागलं. रात्री कधी हाक मारली असेल, कोणाला कळलं नाही. तेव्हापासून अक्का दार लावत नाहीत. थंडीतही उघडंच. मी समोर असते, रात्री एकदा उठून बघते. सात वर्षं झाली."

नाना दाजींच्या दहाव्याला आले होते, तेराव्याला आले होते. दार फोडल्याचं त्यांना माहीत होतं. पण पुढचं कधी कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनीही विचारलं नव्हतं. ते नकाशाकडे बघत बसले. एवढ्या खोल्या, आणि प्रत्येक खोलीला दार.

अक्का बाहेर आल्या. नकाशावर वाकल्या. त्यांचं बोट खालच्या चौकोनावर थांबलं.

"हाई काय शे?"

"ते नको. तो हॉल आहे. दोनशे माणसं. एकावर एक फळ्या. मजूर असतात, पोरंबाळं असतात. इंजिनाचा आवाज, संडासाला रांग."

"दार?"

"दार कुठलं त्याला! जिना आहे नुसता."

"रातले दिवा ऱ्हास का?"

"असेल बहुतेक."

"मंग माले तठेच दे."

"अक्का, ती सगळ्यात वाईट जागा आहे गं," नाना अगदी काकुळतीला आले. "लोक काय म्हणतील? सव्वीस वर्षं रिझर्व्हेशनला बसलेला माणूस, आणि बहिणीला फळीवर टाकलं!"

"लोके येनार शेत का माझ्यासोबत?"

मंदाबाई सूप तोंडासमोर धरून हसल्या.

नानांनी फॉर्म खोडला. खोडाखोड वाईट दिसायला लागली, म्हणून पाठीमागे सगळं नव्याने लिहिलं. अक्कांनी सही केली. निदान खालची फळी तरी मिळावी, म्हणून नानांनी कंपनीला वेगळं पत्र घातलं. उत्तर आलं की त्या हॉलमधल्या जागा चढतानाच देतात, आधी नंबर मिळत नाही. नंबर नसलेलं तिकीट नानांनी आयुष्यात कधी कोणाच्या हातात दिलं नव्हतं.

पौषात नाना स्वतः तिला मद्रासला घेऊन गेले. वर्ध्याला गाडी बदलली. त्या प्रवासात मात्र अक्का छत्तीस नंबरवर गाढ झोपल्या. नाना समोर जागे होते. बहिणीला चांगल्या ठिकाणी पाठवतोय की वाईट, हे त्यांना काही केल्या ठरवता येत नव्हतं. बंदराच्या फाटकाशी शिपायाने त्यांना अडवलं, पुढे फक्त प्रवासी. अक्का वळकटी काखेत घेऊन गर्दीत शिरल्या. करड्या रंगाचं नऊवारी थोडा वेळ दिसलं, मग दिसेनासं झालं. नाना जहाज सुटेपर्यंत फाटकाशी उभे होते. कोणत्या बाजूला बघायचं तेच त्यांना कळत नव्हतं.

माघ लागल्यावर कार्ड आलं. अक्काचं अक्षर मोठमोठं. नानांनी कुंदाबाईंना वाचून दाखवलं.

'पोचले. वरची फळी मिळाली होती. चढता येईना. खालच्या बाईने तिची दिली. ती कोणत्या गावची मला कळलं नाही, तिची भाषा मला येत नाही. दोन दिवस उलट्या झाल्या. तिने डोकं धरलं. दिवे रात्रभर चालू, पोरं रडतात, कोणी पेटी वाजवतं. मला झोप लागली. सून बरी आहे, तिला खाली पाय ठेवू देत नाही. मुक्ताईची कृपा. परतीला मगन खोली घेतो म्हणतो, माझं ऐकत नाही. त्याला तू लिही.'

नानांनी कार्ड दोनदा वाचलं. "उलट्या झाल्या," ते म्हणाले. "मधल्या मजल्यावर झाल्या नसत्या. आणि वरची फळी, या वयात! आणि ही म्हणते झोप लागली. आता हे चांगलं झालं म्हणायचं की वाईट?"

"सुनेजवळ पोचल्या ना?" कुंदाबाई म्हणाल्या.

नाना अंतर्देशीय घेऊन बसले. 'चि. मगन यास अनेक आशीर्वाद. आईला खोली घेऊ नकोस,' एवढं लिहून त्यांचा हात थांबला. कारण काय लिहावं? पोराच्या बापाचं ते दार, ती कडी, आता त्याच्या घरात आनंदाची वाट बघत असताना कागदावर कशी आणायची?

"काय लिहू गं?"

"लिहा, खालच्या हॉलात सोबत असते."

नानांनी तसंच लिहिलं. तरी मन राहिना, म्हणून खाली आणखी एक ओळ घातली, की जमलं तर जिन्याजवळची खालची फळी बघावी.