फ्रीजच्या वहीतली सही

शुद्धलेखन चुकलं तर माफ करा. नववीनंतर शाळा सुटली, शब्दही साधेच येतात. इथे परदेशात, माउंट वेलिंग्टनच्या आमच्या हॉटेलातले किस्से खूप साठलेत, पण मराठीत ऐकणारं आता जवळ कोणी नाही. म्हणून लिहितो.

मी तंदूरवर होतो. मालक साताऱ्याचे, त्यांना आम्ही काका म्हणायचो. काम आठवड्याला साठ तासांच्या वर, पगाराच्या स्लिपवर तीस. सुट्टी मागितली की काका म्हणायचे, "घरच्या माणसाला कसली रे सुट्टी?"

ते ऐकून मला बरं वाटायचं. खरंच.

*

करी बनवणारा सचिन एकदा म्हणाला, "घरचा ना तू? मग काकूंचं नाव सांग."

दोन वर्षं झाली होती. मला माहीत नव्हतं.

त्याच आठवड्यात आम्ही दोघांनी बुडवलेल्या पगाराची तक्रार केली.

*

फुकट सल्ला देणारी वकील, टीना, म्हणाली, "तासांचा पुरावा काय?"

काहीच नव्हता. मग सचिनला फ्रीजची वही आठवली. काउन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, तपासणी येते म्हणून काका फार कडक. सकाळी आल्यावर आणि रात्री निघताना फ्रीजचं तापमान, वेळ आणि सही. रोज. सचिनने पानांचे फोटो काढले होते.

सगळीकडे माझी सही. स्लिपवर सुट्टी असलेल्या दिवशीसुद्धा.

"स्वीट ॲज," टीना म्हणाली. इथे झकास म्हणायचं तर असं म्हणतात. "तुझी हजेरी तुझ्या बॉसनेच घेतलीय."

*

समझोत्याच्या बैठकीत काका आत आले आणि आम्ही दोघंही उठून उभे राहिलो. टीना हळूच म्हणाली, "बसा."

बसलो. मग समोर पाण्याचा जग दिसला, म्हणून मी पहिला ग्लास भरून काकांना दिला.

"थँक्यू रे," काका म्हणाले.

टीनाने पेन खाली ठेवलं.

*

नंतर आम्हाला वेगळ्या खोल्यांत बसवलं. मध्यस्थ बाई आकडे घेऊन ये-जा करत होत्या. मला हक्काचे पैसे हवे होते, आणि काकाही हवे होते. हे मला टीनाला इंग्रजीत सांगता येईना.

तिसऱ्या फेरीला बाई म्हणाल्या, "आकडा तोच आहे. पण ते विचारतायत, तू जेवलास का?"

टीना म्हणाली, "याचं उत्तर द्यायची गरज नाही."

मी म्हटलं, "सांगा, जेवलो."

जेवलो नव्हतो.

*

संध्याकाळी सह्या झाल्या. रक्कम कुणाला सांगायची नाही असं कागदावर आहे, म्हणून सांगत नाही. नोकरी त्याच कागदाने संपली. सचिन मावसभावाकडे पामर्स्टन नॉर्थला निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि हॉटेल उघडल्या उघडल्या गिऱ्हाइकांच्या पुढच्या दाराने आत गेलो. काका काउंटरवर एकटेच होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग एक मेन्यू उचलला, काउंटरच्या बाहेर आले आणि इंग्रजीत म्हणाले, "टेबल फॉर वन?"

"येस," मी म्हटलं.