मालगाडीचं ते स्टेशन आहे, मी बघून आलो

रेल्वेवेड्या मंडळींनो, काल ग्रुपवर तुम्ही चक्क मतदान घेतलंत आणि खाडीकाठचं मिठाच्या मालगाडीचं स्टेशन आपल्या नकाशातून काढून टाकलंत. का, तर कुणाकडे फोटो नाही! माझं डोकंच फिरलं. आज सकाळी चंदनसारहून स्कूटर काढली आणि थेट खाडी गाठली.

तिथे पाटी नाही, तिकीटखिडकी नाही. गवतात फक्त एक लांबलचक दगडी धक्का. तो कशाचाही असू शकतो, म्हणून जवळून बघायला चढणार, तेवढ्यात वर भात वाळत घालणाऱ्या एक काकू ओरडल्या, "ओ दादा, चपला काढून चढा!"

"का हो, देऊळ आहे का?"

"देऊळ नाय. आमचे सासरे इथं मालगाडीत मीठ भरायचे. मानसांची गाडी कदीच थांबली नाय इथं. पन त्यांच्या पोटाची जागा ना ही. दसऱ्याला आमी हार घालतो अजून."

त्यांनी बोट दाखवलं. गवतात दडलेला जुना रूळ संपतो तिथल्या गंजक्या खांबावर झेंडूची माळ वाळून लटकत होती.

फोटो टाकलाय. स्टेशनही नकाशात परत घातलंय. आता ज्याला ते खोडायचंय, त्याने आधी त्या धक्क्यावर चपला काढून चढावं आणि काकूंना तोंडावर सांगावं, की हे नाहीच.

कोण येतंय?