कोणत्या नात्यानं?

आमच्या वावराला जायचा रस्ता मालगुजाराच्या वावरातून होता. मालगुजारी कायद्यानं कधीच गेली होती. गावाचा शेतसारा गोळा करणारे त्यांचे आजोबा गेले, जमीनही बरीच गेली. तरी त्यांनी राखलेल्या घरच्या शेतीला गाव अजून 'सीर' म्हणायचं आणि त्यांना 'मालक'. आमचं वावर त्याच सिरीतून सिलिंगच्या कायद्यात सुटून आम्हाला मिळालेलं, हे ते विसरले नव्हते.

भाऊ वर्ध्याला, नालवाडीत खोली घेऊन शिकत होता. दिवाळीला घरी आला. रस्त्यात मालगुजार भेटले तेव्हा हात जोडून म्हणाला, "काका, बरे हा ना?"

ते थांबले. "काका? कोनत्या नात्यानं?"

भाऊ हसला. त्याला ती गंमत वाटली.

दुसऱ्या सकाळी वावराच्या रस्त्यावर बोरीचे काटे टाकलेले होते. वेचलेला कापूस वावरातच पडून, वर आभाळ भरलेलं. माय डोक्यावर गाठोडं घेऊन नाल्याकडून येऊ लागली. ओल्या दरडीवरून घसरली, मनगट मोडलं. सावंगीच्या दवाखान्यात प्लास्टर घातलं. भाऊ म्हणाला, तहसीलमध्ये अर्ज करू.

"अर्ज चालेपर्यंत कापूस सडन," बाप म्हणाला. "एक शब्द तं हाये. म्हनून टाक."

बाप आम्हा दोघांना घेऊन गेला. मालगुजार ओट्यावर चहा पीत होते, खाली त्यांचे गडी बसलेले. भाऊ खाली मान घालून म्हणाला, "मालक, चुकलं."

"जोरानं म्हन. गड्यायले ऐकू गेलं पाह्यजे."

भाऊ पुन्हा म्हणाला. गड्यांपैकी कोणी वर पाहिलं नाही. मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"हे बी शिकून राह्यली म्हनते. हिले बी म्हनू दे."

मी बापाकडे पाहिलं. तो त्यांच्या कपबशीकडे पाहत होता. मी म्हणाले. त्यांनी चहा संपवला आणि गड्याला सांगितलं, "जाय, काटे उचल."

भाऊ त्याच दुपारी गेला, पुन्हा गावात आला नाही. लग्नही वर्ध्यालाच केलं. वावर विकून आमच्याजवळ या, असा निरोप तो पाठवायचा.

"रस्ता त्यायचा. त्यायच्याशिवाय घेईन कोन?" बाप म्हणायचा.

मायचा हात पुढं कामाचा राहिला नाही. एकट्या बापाच्यानं होईना, तेव्हा वावर मालगुजारांनीच घेतलं, त्यांनी सांगितलेल्या भावात. आणि बापालाच बटईनं, अर्ध्या पिकावर कसायला दिलं.

पेरणीच्या दिवसांत मी माहेरी गेले होते. बाप बैल जुंपत होता. कसं चाललंय, विचारलं.

"बरं हाये," तो म्हणाला. "आता रस्त्यानं कोनी अडवत नाई."